कोड उडवला, दिवा गेला, चौथ्या दिवशी परत आला

इंजिनचा पिवळा दिवा लागतो. तुम्ही काचेवरच्या स्टिकरवरचा हेल्पलाइनचा नंबर फिरवता. पलीकडचा मुलगा गाडीचा नंबर विचारतो, दोन मिनिटं होल्डवर ठेवतो आणि सांगतो, "सेन्सरचा कोड आहे सर, क्लिअर करून देतो, चालवून बघा." दिवा विझतो. तीन-चार दिवसांनी तुम्ही घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर अडकलेले असता आणि तो पुन्हा लागतो. पुन्हा फोन, पुन्हा नवा मुलगा, पुन्हा पहिल्यापासून गाडीचा नंबर.

तो पलीकडचा मुलगा म्हणजे मी. मुलगा म्हणण्याचं वय उलटून गेलंय, पण फोनवर सगळे मुलगेच. तुर्भ्याच्या एका गॅरेजमध्ये अकरा वर्षं वायरमनचं काम केलं. कंबरेने नाही म्हटलं तेव्हापासून, म्हणजे गेली चार वर्षं, महाप्यात हेडफोन लावून बसतो. पूर्वी गाडीखाली आडवं झालं की जे हाताला लागायचं, ते आता माणसाच्या तोंडून काढावं लागतं. सोपं नाही. समोरचा चिडलेला असतो, मागे हॉर्न वाजत असतात, आणि माझ्या स्क्रीनवर कोपऱ्यात कॉलची मिनिटं मोजणारं घड्याळ चालू असतं.

परत परत लागणाऱ्या दिव्याच्या तक्रारी मी आता शेकड्यांनी ऐकल्या आहेत. त्यातल्या बऱ्याचशा एकाच जागी बिघडलेल्या असतात, आणि ती जागा गाडीत नसते. कोड उडवण्याची घाई झालेली असते.

कोड म्हणजे बिघाड नव्हे

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. तिथे स्कॅनर लावला की गाडीचा कम्प्युटर काय म्हणतोय ते वाचता येतं. आपल्याकडे बीएस-४ (धुराच्या नियमांची चौथी पायरी) गाड्यांना गाडीने स्वतःला तपासण्याची ही ओबीडी-२ पद्धत एप्रिल २०१३ पासून सक्तीची झाली, आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर गाडी स्वतःवर आणखी बारीक लक्ष ठेवायला लागली. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत सिमकार्डवालं युनिट कंपनीकडूनच येतं किंवा टॅक्सीचा मालक बाहेरून बसवतो. मग तेच कोड महाप्यात बसून मला दिसतात.

कोडचं पहिलं अक्षर खातं सांगतं. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगसारख्या चेसिसच्या गोष्टी, बी म्हणजे बॉडी, आणि यू म्हणजे गाडीतल्या कम्प्युटरांचं एकमेकांशी असलेलं बोलणं. पुढचे आकडे तक्रार सांगतात. पी ०१७१ आला तर मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. एवढंच. हवा कुठून जास्त येतेय, पाइपला चीर गेलीय, पंपाचं प्रेशर कमी आहे, का हवा मोजणारा सेन्सर मळलाय, यातलं काहीही तो कोड सांगत नाही. तरी आमच्या धंद्यात पी ०१७१ दिसला की ऑक्सिजन सेन्सर बदलणारे महाभाग आहेत. सेन्सरने बिचाऱ्याने खरं सांगितलं, आणि त्यालाच घरी पाठवलं.

पण कोडबरोबर गाडी आणखी एक गोष्ट जपून ठेवते, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. मी पंचनामा म्हणतो. बिघाड नोंदला गेला त्या क्षणी गाडीचा वेग किती होता, इंजिन किती आरपीएमवर होतं, पाणी किती तापलं होतं, इंजिनवर लोड किती होता, आणि काही गाड्यांत व्होल्टेज किती होतं, हे सगळं तिथल्या तिथे लिहिलेलं असतं. फोनवरून निदान करणाऱ्या माणसाकडे याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नसतं.

कोड क्लिअर केला की हा पंचनामाही जातो. स्कॅनरने उडवा, मोबाइलच्या अ‍ॅपवरून उडवा, किंवा कोणाच्या सांगण्यावरून बॅटरीची टर्मिनल दहा मिनिटं काढून ठेवा. बऱ्याच गाड्यांत परिणाम तोच.

आणि दिवा परत यायला तीन-चार दिवस का लागतात, तेही इथेच आहे. कोड उडवल्यावर गाडीच्या आतल्या चाचण्या शून्यापासून सुरू होतात. काही चाचण्या इंजिन थंड असताना सुरू केल्यावरच होतात, काहींना ठरावीक वेग थोडा वेळ टिकवावा लागतो. बरेच बिघाड एकदा दिसले तर कम्प्युटर ते कच्च्या वहीत लिहितो, आणि पुढच्या फेरीत पुन्हा दिसले तरच दिवा लावतो. तेव्हा कोड उडवल्यावर मंगळवार-बुधवार दिवा नव्हता, याचा अर्थ गाडी बरी होती असा नाही. तिने अजून तपासलंच नव्हतं.

मग आम्ही उडवतो का? खरं सांगतो. दिवा विझला की ग्राहक खूश होऊन फोन ठेवतो, टिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद होतं आणि माझं सरासरी कॉल टाइम चांगलं दिसतं. पंचनामा वाचून प्रश्न विचारत बसलो तर वीस मिनिटं जातात आणि सुपरवायझर मागे येऊन उभा राहतो. कोणाच्या मनात वाईट नसतं, पण हिशेब असा बसलाय की घाई करणाऱ्याचंच काम चांगलं दिसावं.

ऐरोलीची टॅक्सी

एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण फोनवर निदान कसं होतं ते याच्यात सगळं आलंय.

सीएनजीवरची सेडान टॅक्सी. दादा ऐरोलीला राहणारे, रात्रपाळी करतात. तक्रार अशी की अधूनमधून डॅशबोर्डच्या मीटरवर ख्रिसमस होतो. इंजिनचा दिवा, एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा, स्टिअरिंगचा दिवा, सगळे एकदम. स्टिअरिंग जड होतं. गाडी बंद करून चालू केली की सगळं ठीक. माझ्याआधी चार कॉल झाले होते, आणि चारही टिकिटांवर एकच वाक्य होतं: कोड क्लिअर केले, ग्राहक समाधानी. मधल्या काळात एका गॅरेजने बॅटरी बदलली, दुसऱ्याने अल्टरनेटर, म्हणजे चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा डायनामो. दादांचे पैसे गेले, दिवे आहेत तिथेच.

पाचवा कॉल माझ्याकडे आला. स्क्रीनवर कोड काहीच नव्हते, कारण आदल्या दिवशीच उडवले होते. मी म्हटलं, "दादा, आज मी काहीच करत नाही. पुढच्या वेळी दिवे लागले की गाडी सुरक्षित बाजूला घ्या, मीटरचा फोटो काढा, आणि कोणालाही, मलासुद्धा, कोड उडवू देऊ नका. आधी फोन करा." ते थोडे वैतागले. त्यांच्या जागी मीही वैतागलो असतो.

तिसऱ्या रात्री फोन आला. या वेळी पंचनामा शाबूत होता. वेग शून्य. आरपीएम ७४०. पाणी ९८ अंश. व्होल्टेज ११.२. कोडमध्ये पी ०५६२, म्हणजे व्होल्टेज कमी, आणि बरोबर यू ०१२१, म्हणजे एबीएसच्या कम्प्युटरशी बोलणं तुटलं.

आता हे आकडे नीट बघा. गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे, तापलेलं आहे. चालू इंजिनवर साधारण १३.७ ते १४.७ व्होल्ट दिसायला हवेत. काही नव्या गाड्या चार्जिंग मुद्दाम कमी करतात, पण ११.२ पर्यंत नाही. ११.२ म्हणजे चार्जिंगच नाही असं वाटावं, आणि म्हणूनच आधीच्यांनी अल्टरनेटर बदलला असणार. त्यांचाही अगदी गाढवपणा नव्हता.

मी विचारलं, "दादा, दिवे लागले तेव्हा कुठे होतात?"

"पातलीपाड्याच्या सिग्नलला."

"त्याच्या आधी?"

"एकदा कापूरबावडीला, एकदा कळवा नाक्याला. एकदा तर सीएनजीच्या लाइनीत."

"दिवसा कधी?"

ते थांबले. "दिवसा नाय लागला बघा कधी. पण मी दिवसा चालवतोच कमी."

उभी गाडी, तापलेलं इंजिन, रात्र. उभ्या गाडीत वारा लागत नाही, म्हणून रेडिएटरचा पंखा फिरतो, आणि पंखा मोठा करंट ओढतो. रात्री हेडलाइट असतात. मागे पॅसेंजर आहे म्हणजे एसीचा ब्लोअर फुल. गाडी पळायला लागली की पंखा बंद, सगळं शांत. तेव्हा दोष असा हवा की जो जास्त करंट गेला तरच उघडा पडतो. अल्टरनेटर असेल किंवा कुठेतरी सांधा ढिला असेल. दोन्हींत फरक करायला व्होल्ट मोजणारा एक मल्टिमीटर लागतो आणि दहा मिनिटं.

दादांनी दुसऱ्या दिवशी बाजूच्या टीव्ही-फ्रिज रिपेअरवाल्याकडून मीटर आणला आणि व्हिडिओ कॉल लावला. मीटर डीसी २० व्होल्टवर. इंजिन चालू, हेडलाइट अप्पर, ब्लोअर फुल, एसी ऑन म्हणजे पंखाही फिरणार. (पंखा कधीही आपोआप सुरू होतो. बोटं, गळ्यातला टॉवेल, ओढणी लांब. हे मी प्रत्येक वेळी सांगतो, लोकांना वाटतं हा घाबरट आहे.)

आधी बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर मीटर लावायला सांगितला. टर्मिनलच्या क्लिपवर नाही, थेट खुंट्यांवर. १३.९ दाखवला. म्हणजे अल्टरनेटर नवा काय, जुनासुद्धा बहुधा ठणठणीत होता. पण बॅटरीवर १३.९ आहेत आणि गाडीच्या कम्प्युटरला ११.२ च मिळतात, तर मधले अडीच-पावणेतीन व्होल्ट वाटेत कुठे सांडतात?

मग काळी पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवरच ठेवून लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूला. ०.०४. छान. लाल पिन उचलून बॉडीच्या एका उघड्या बोल्टला. २.३.

तिथे शून्याच्या जवळ काहीतरी यायला हवं होतं. इतका लोड असतानाही ०.२ च्या वर गेलं तर मी संशय घेतो. २.३ म्हणजे बॅटरीकडून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी नावालाच जोडलेली आहे. पंखा, लाइट, ब्लोअर, कम्प्युटर सगळ्यांचा परतीचा रस्ता तोच. करंट वाढला की रस्ता तुंबणार, कापूरबावडीला संध्याकाळी सातला तुंबतो तसा.

"दादा, पुढच्या डाव्या बाजूला अलीकडे काही काम केलं होतं का?"

"काम नाही केलं काही." मग जरा वेळाने, "बम्पर आणि पट्टा ठोकून घेतला होता. रंग मारला. पण ते डेंटिंगचं झालं ना, इंजिनचं कुठे?"

तिथेच होतं सगळं. डेंटिंगवाल्याने पट्टी सोडली, पत्रा सरळ केला, छान जाड रंग मारला आणि पट्टीची रिंग त्या रंगावरच कसली. रंगातून करंट जात नाही. बोल्टच्या आट्यांतून जेवढा जाईल तेवढ्यावर गाडी दोन महिने चालली. वर खाडीची हवा. एका बाजूने गंजायलाही लागलं होतं. दादांनी बोल्ट काढला, पॉलिश पेपरने रिंगखालची जागा चकचकीत होईपर्यंत घासली, परत कसला, वरून ग्रीस. पुन्हा मोजलं तर ०.०६. मग कोड उडवले. आता उडवायला हरकत नव्हती, कारण पंचनाम्याचा फोटो टिकिटाला जोडून ठेवला होता.

हिशेब व्होल्टाला व्होल्ट जुळला नाही हे चाणाक्षांच्या लक्षात आलंच असेल. २.३ आणि २.७ मध्ये फरक आहे. थोडं प्लसच्या बाजूला फ्यूजपाशीही सांडत असणार. पण चोर पकडला गेल्यावर मी पाकीट मोजत बसलो नाही.

फोन करण्याआधी आणि फोनवर

वरच्या गोष्टीतून काय करायचं ते बरंचसं कळलं असेल, तरी काही गोष्टी सुट्या सांगतो.

दिवा लागला त्या मिनिटाला डॅशबोर्डच्या मीटरचा फोटो काढा. कोणी गाडी चालवत असेल तर शेजारच्याने काढायचा. फोटोत वेळ, किलोमीटर आणि कोणकोणते दिवे हे तिन्ही येतं. नंतर आठवून सांगणारे नव्वद टक्के वेळा "तो इंजिनसारखा काहीतरी पिवळा" असं सांगतात, आणि इंजिनसारखे पिवळे दिवे दोन-तीन तरी असतात. नव्वद टक्के मी अंदाजाने म्हटलंय, मोजलेलं नाही, पण आमच्या मजल्यावर कोणालाही विचारा.

फोनवर तुमचं निदान सांगू नका, तुम्हाला काय जाणवलं ते सांगा. "इंजेक्टर गेलाय बहुतेक" याचा मला उपयोग नाही. "थंड गाडी सुरू केल्यावर पहिली दोन मिनिटं मिसिंग मारते, मग ठीक" हे सोन्यासारखं वाक्य आहे. थंड की गरम, उभी की पळती, चढ की उतार, एसी चालू की बंद, पेट्रोलवर की सीएनजीवर, पाऊस पडून गेल्यावर की कोरड्यात. मिसिंग सीएनजीवरच असेल आणि पेट्रोलवर गाडी लोण्यासारखी चालत असेल, तर माझं अर्धं काम तुम्ही आधीच केलं.

गेल्या तीन महिन्यांत गाडीला कोणाचाही हात लागला असेल तर सांगा. सर्व्हिसिंग, बॅटरी, डेंटिंग, म्युझिक सिस्टीम, सीट कव्हर, उंदरांनी कुरतडलेली वायर. सीट कव्हर हसण्यावारी नेऊ नका. सीटखालचा एअरबॅगचा कप्लर (वायरींचा जोड) ढिला झाल्याने एअरबॅगचा दिवा लागलेल्या गाड्या मी किती ऐकल्यात. फक्त त्या कप्लरला स्वतः हात घालू नका, ते काम वर्कशॉपचं.

पाण्यातून गेला असाल तर तेही, लाज न बाळगता. ठाण्यात वंदना टॉकीजपाशी दरवर्षी पाणी साचतं, नवी मुंबईत भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आला की सखल सेक्टर भरतात. लोक लपवतात, कारण वॉरंटी जाईल अशी भीती असते. पण पाणी शिरलेला कप्लर आठ-पंधरा दिवसांनी हिरवा पडतो आणि तेव्हा कोड यायला लागतात. तारखा मागेपुढे जुळल्या नाहीत तर मी भलत्याच ठिकाणी शोधत बसतो.

आणि फोन लागताच पहिलं वाक्य हे म्हणा: "कोड क्लिअर करू नका, आधी फ्रीझ फ्रेम वाचा आणि टिकिटात लिहा." पलीकडचा एक क्षण गप्प होईल. मग त्याचा आवाज बदलतो. टिकीट नंबर घ्या आणि पुढच्या वेळी नव्या माणसाला तोच सांगा, नवीन तक्रार उघडू देऊ नका. नव्या तक्रारीत जुना इतिहास समोर येत नाही, शोधावा लागतो, आणि शोधायला कोणाला वेळ नसतो.

स्वतःचा ब्लूटूथ डोंगल, म्हणजे त्या सॉकेटला लावून मोबाइलवर कोड दाखवणारा छोटा स्कॅनर, असेल तर उत्तम, वाचायला वापरा. त्यातलं क्लिअरचं बटण नाही असं समजा. डोंगलमध्ये व्होल्टेजही दिसतं, ते सॉकेटवरचं. बॅटरीवर मीटरने मोजलेलं आणि डोंगलमधलं यांत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक पडला तर ऐरोलीच्या टॅक्सीची गोष्ट आठवा. आणि काम झालं की डोंगल काढून ठेवा. त्या सॉकेटच्या सोळाव्या पिनेला चावी काढल्यावरही बॅटरीची लाइन असते. गाडी पंधरा दिवस गावी जाताना तशीच ठेवली तर आल्यावर सेल्फ मारणार नाही आणि तुम्ही मलाच फोन कराल.

"तुमची गाडी ऑनलाइन दिसत नाहीये"

हे आम्ही बोलतो तेव्हा लोकांना वाटतं टाळतोय. घोडबंदरच्या टॉवरांत किंवा खारघरला दोन मजले खाली बेसमेंटमध्ये गाडी असेल तर तिच्या सिमला नेटवर्क नसतं. तुमचा मोबाइल लिफ्टपाशी चालतो म्हणून गाडीचंही चालेल असं नाही. गाडी चालू होत असेल तर वर मोकळ्यावर आणा, इग्निशन ऑन ठेवा, पाचेक मिनिटं द्या. बरेच दिवस उभी असलेली गाडी बॅटरी वाचवायला युनिट झोपवते, तिलाही उठायला वेळ लागतो. गाडी चालूच होत नसेल तर दुरून गाडी वाचण्याचा नाद सोडा, तुमच्या तोंडून ऐकून काय जमेल ते बघू.

एक गोष्ट मात्र जपून. हेल्पलाइनचा नंबर गुगलवर शोधून लावू नका. काचेवरचा स्टिकर, गाडीचं मॅन्युअल किंवा कंपनीचं अ‍ॅप यातूनच घ्या. गाडी तपासायला मला तुमच्या मोबाइलची स्क्रीन बघायची कधीच गरज पडत नाही. व्हिडिओ कॉल वेगळा. स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप टाका किंवा पाच रुपये भरून रजिस्ट्रेशन करा असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा.

भाजीचा टेम्पो आणि काजळी

दुसरी, सतत येणारी तक्रार डिझेलवाल्यांची. बीएस-६ डिझेल गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो भरत आला की गाडी स्वतःच आत जास्तीचं डिझेल मारून धूर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवते आणि काजळी जाळून टाकते. पण त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं बऱ्यापैकी वेगाने सलग चालणं लागतं.

घणसोलीचे एक काका. पहाटे एपीएमसीतून भाजी भरायची, कोपरखैरणे-वाशीत चार-पाच ठिकाणी टाकायची, कधी ठाण्याला जांभळी नाक्याला. "गारीला पुलिंगच नाय," ही तक्रार. दर आठवड्याला दिवा, दर आठवड्याला कोणीतरी पी २४६३ उडवलेला. पी २४६३ म्हणजे फिल्टरमध्ये काजळी साचली. कोड उडवून काजळी कशी जाईल? झाडू न मारता कचऱ्याचा फोटो डिलीट करण्यातला प्रकार.

काकांची गाडी काजळी जाळायला सुरुवात करायची आणि काका पुढच्या दुकानाशी इंजिन बंद करायचे. रोज, अर्ध्यावर. ही खूण तुम्हालाही ओळखता येते. उभ्या गाडीचं आरपीएम जरा वर, पंखा जोरात, गरम वास, मायलेज अचानक पडलेलं. अशा वेळी शक्य असेल तर बंद करू नका, आणि सुकलेल्या पाचोळ्यावर उभी तर अजिबात करू नका.

फक्त फिल्टरचा दिवा स्थिर लागला असेल, ओढ ठीक असेल, डिझेल पाव टाकीच्या वर असेल (बऱ्याच गाड्या कमी डिझेलवर जाळायला सुरुवातच करत नाहीत), तर रस्त्यावर न्या. काकांना मी रात्री माजिवड्याहून नाशिक रोडने पडघ्यापर्यंत जाऊन यायला सांगितलं. साठच्या आसपास, एक गिअर खाली ठेवून, म्हणजे आरपीएम चढं राहील. लेन आणि वेगमर्यादा सांभाळून अर्थातच. दिवा वाटेतच गेला.

पण फिल्टरच्या दिव्याबरोबर इंजिनचाही दिवा आला, तो लुकलुकायला लागला किंवा गाडीने जोरच सोडला, तर पडघा विसरा. तेव्हा वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून उभ्या गाडीत जाळावं लागतं. आणि ऑइलची कांडी काढून बघा. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक जाळण्यातलं थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. लेव्हल कमी होण्याऐवजी वर चढलेली दिसली तर ऑइल बदलल्याशिवाय चालवू नका. फिल्टर पोकळ करून देणारेही भेटतील. नको. कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या टेम्पोच्या मागे तुमचीच नात शाळेच्या रिक्षात बसलेली असते.

काकांचा दिवा दीड-दोन महिन्यांनी पुन्हा आला होता. मी टिकीट उघडलं तर ऑइल नॉर्मल, ओढ नॉर्मल, पण काजळीचा आकडा पडघ्याहून आल्या आल्याही जास्तच. वर्कशॉपला पाठवलं. फिल्टरच्या आधी-नंतरचं प्रेशर मोजणाऱ्या सेन्सरची रबरी नळी चिरलेली निघाली.

फोनवर जिथे थांबायचं

पेट्रोल गाडीत इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल आणि गाडी झटके देत असेल, तर न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भाजतोय. बाजूला घ्या, बंद करा. ऑइलचा लाल दिवा किंवा पाणी तापल्याचा लाल दिवा लागला तर "घरापर्यंत जाऊ का" हा प्रश्नच विचारू नका, माझं उत्तर ठरलेलं आहे. सीएनजीचा वास येत असेल तर इग्निशन बंद, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, माणसं लांब, आणि फोन लांब गेल्यावर. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीतल्या नारिंगी वायरींना मीटर लावायला कोणी सांगितलं, तर तो माणूस कितीही गोड बोलत असला तरी ऐकू नका.

टोइंग मागवताना गाडी बेसमेंटला आहे का ते आधीच सांगा, आणि रॅम्पवर लिहिलेली उंचीसुद्धा. गाडी पाठीवर घेणारा फ्लॅटबेड ट्रक आत शिरत नाही. ऑटोमॅटिक गाडीची बॅटरी झोपली असेल तर ती न्यूट्रलला कशी आणायची ते मॅन्युअलमध्ये असतं. त्या पानाचा फोटो काढून ठेवा, कारण टोइंगवाला आल्यावर मॅन्युअल घरी कपाटात आणि चावी बायकोच्या पर्सबरोबर बेलापूरला असते.

आणि तो येईपर्यंत कोणी म्हणालं की एकदा कोड उडवून बघतो, चालू होईल कदाचित, तर त्याला चहा पाजा.